रुसलेला आवाज

१

“कामिनी, आज ते बोलून नाही राहिले वो.”

आंधळगावच्या वाचनालयात सत्यभामाबाई टॅब्लेट दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. कामिनी हापशीवरून पाण्याची कळशी घेऊन नुकतीच आत येत होती. तिने कळशी खाली ठेवली आणि ओले हात ओढणीला पुसले.

“कोण नाही बोलून राहिले, आजी?”

“कोण म्हणजे? अमरचे बाबा. रुसले वाटते.”

कामिनीला हसू आलं. म्हातारी अशी गमतीनं बोलायची. दर बाजाराच्या दिवशी यायची, भाजीची पिशवी दाराशी ठेवायची, पदराने टॅब्लेटची काच पुसायची आणि आपल्या गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकत बसायची. ऐकून झालं की टॅब्लेट परत देताना म्हणायची, “ठेव वो नीट, झोपले ते आता.” म्हणजे आज रुसले असतील तर रुसले, असं मनाशी म्हणत कामिनीने टॅब्लेट हातात घेतला. आणि तिचं हसू तिथंच राहिलं.

रुखमिणीबाईंची लग्नाची गाणी जागेवर होती. टेकचंदभाऊंच्या जंगलाच्या गोष्टी होत्या. तेजरामबाबांची नोंद मात्र नव्हती. वर नाही, खाली नाही, कुठेच नाही.

आता ही भानगड काय, ते आधी सांगायला हवं. कामिनी रामटेके भंडाऱ्याहून बीसीए करून गावी आली होती आणि ‘अंगण’ नावाच्या प्लॅटफॉर्मवर स्वतःचं ॲप बनवायला शिकत होती. शिकवणारं कोणी नव्हतं. पण प्लॅटफॉर्मवाल्यांनी शिकणाऱ्यांसाठी एक तयार ॲप दिलं होतं, ‘नमुना वाचनालय’. त्यात खोटी पुस्तकं, खोटे वाचक आणि प्रत्येक नोंदीखाली चार बटणं. उघडा, खोलून पाहा, मोडा, पुन्हा जोडा आणि त्यातून शिका, असा सगळा कारभार. कामिनीने त्यातली खोटी पुस्तकं काढून टाकली आणि त्या जागी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज भरले. पहिला आवाज तेजरामबाबांचा होता. चिन्नोर तांदळाबद्दल बोलले होते. तेही कामिनीला मागच्या खोलीत पाठवून, कारण पोरीसमोर यंत्राशी बोलायची त्यांना लाज वाटायची.

चैत्रात तेजरामबाबा गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. साधा फोन वापरणारा माणूस, लग्नाच्या शूटिंगमध्येसुद्धा मांडवाच्या खांबाआड उभा राहणारा. जे होतं ते या टॅब्लेटमध्ये, आणि आज तेही नव्हतं.

“आजी, मशिनीत काहीतरी बिघाड आहे,” कामिनी म्हणाली. “मी पाहते. तुम्ही काई दाबलं तं नाही ना?”

“मी कायले दाबू? मले ‘ऐका’ माहीत आहे. आज पुसलं भर एकदा.” सत्यभामाबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “येतीन ना पण ते परत?”

कामिनी “हो” म्हणाली. खरं म्हणजे तिला काहीच माहीत नव्हतं, आणि म्हातारी पिशवी उचलून उन्हात निघालीही.

२

बिघाड असता तर सगळेच आवाज गेले असते. एकच गेला होता, म्हणजे कोणीतरी नेमका तोच काढला होता. वाचनालयाचा टॅब्लेट हाताळणारी माणसं गावात मोजकीच.

पहिले हेमराज गुरुजी. शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचनालयाचे कार्यवाह झाले आणि तेव्हापासून त्या टॅब्लेटमधल्या जागेसाठी त्यांचा जीव तुटायचा. त्यांना त्यात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं भरायची होती.

“मी सकाळी कुलूप उघडलो अन् बँकेत गेलो,” गुरुजी म्हणाले. “अन् मले काढाचंच असतं तर मी तेजरामचं कायले काढू? दोन घोट चहा होईपर्यंत संपते ते. ती रुखमिणी तासभर गाऊन राहिली, तिले पहिले काढलो असतो.”

हे कामिनीला पटलं. गुरुजी भांडखोर होते, पण चोरून काही करायचा त्यांचा पिंड नव्हता. जे करायचे ते चारचौघांत, आणि वर भाषण देऊन.

दुसरा अतुल. मोहाडीचा पोरगा, कामिनीसोबतच ‘अंगण’ शिकत होता. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. कामिनीने त्याला बोलावलं तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच तिला वाटलं, सापडला.

“माह्याकडूनच झालं असन,” अतुल खाली पाहत म्हणाला. “मी सकाळी आतमध्ये हे खोल, ते खोल करून राहिलो होतो. ‘नमुना नव्याने भरा’ म्हणून एक बटण आहे. त्याच्यावर बोट गेलं वाटते. मंग मी घाबरलो अन् टॅब्लेट ठेवून बाहेर आलो. आजीले काय सांगू मी आता?”

 कामिनीने टॅब्लेट उघडून त्याच्यासमोर ठेवला.

“हे पाय. नमुना नव्याने भरला असता तर रुखमिणीबाई भी गेल्या असत्या, टेकचंदभाऊ भी गेले असते. अन् ती सगळी खोटी पुस्तकं परत येऊन बसली असती. दिसते काय एखादं?”

अतुलने सगळं वरखाली करून पाहिलं. एकही खोटं पुस्तक नव्हतं. त्याने असा श्वास सोडला की कामिनीला त्याची दया आली, आणि पुढच्या मिनिटाला तो तिच्या कागदातला आलुबोंडा मागायला लागला.

आलुबोंडा खाता खाता त्याचं लक्ष शोधायच्या चौकटीकडे गेलं. टॅब्लेटला बोलून सांगितलं की तो शब्द लिहून घ्यायचा आणि ती नोंद समोर आणायचा. शेवटचं कोणी काय शोधलं, ते चौकटीखाली फिकट अक्षरात तसंच राहायचं.

“कामिनी, हे तू बोलली काय?”

तिथे लिहिलं होतं, ‘अमरचे बाबा’.

तेवढ्यात हेमराज गुरुजी चष्मा पुसत मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ती अक्षरं वाचली आणि मान हलवली. “अमर,” ते म्हणाले. “मले वाटलंच होतं.”

३

वाटण्यासारखं होतंही. अमर म्हणजे तेजरामबाबांचा मुलगा, तुमसरच्या एका राईस मिलमध्ये कामाला. मागच्या महिन्यात तो वाचनालयात येऊन सगळ्यांदेखत कामिनीला म्हणाला होता, “ते काढून टाक ना वो. आई बाजारातून घरी येते तं डोळे लाल घेऊन येते. मेलेल्या माणसाले असं बोलवत राहू नये.” कामिनीने तेव्हा ऐकलं नव्हतं. तो पाय आपटत गेला होता.

दुसऱ्या दिवशी अतुलच्या गाडीवर बसून ती तुमसरला गेली. मिलच्या फाटकाबाहेर टपरीवर अमर डबा खात बसला होता. केसांवर, भुवयांवर कोंड्याची पिवळी भुकटी. कामिनीने सगळं सांगितलं आणि फिकट अक्षरांची गोष्टही सांगितली.

अमर घास हातात धरून तसाच थांबला.

“म्हणजे मी काढलो म्हणते तू.”

“मी म्हणून नाही राहिली, काका. मी पुसून राहिली.”

“मंग पूस नीट.” त्याने डब्याचं झाकण लावलं. “माहा बाप तो. मी माह्या बापाले ‘अमरचे बाबा’ म्हणन काय? मी ‘बाबा’ म्हणन, नाही तं तेजराम म्हणून नाव टाकन. स्वतःच्याच बापाले स्वतःचं नाव लावून कोण शोधते?”

 एवढी साधी गोष्ट कामिनीच्या डोक्यात आली नव्हती. गुरुजींच्या तर नाहीच नाही.

अमर टपरीवाल्याकडे पाहत होता. मग हळूच म्हणाला, “पण काल मी गेलो होतो तिथं. सकाळी ड्यूटीवर याच्या आधी. अतुल बाहेर पडला अन् मी आत गेलो.”

“कायले?”

“आयकाले.” त्याचा आवाज खाली गेला. “कधी आयकलोच नव्हतो मी. आईले नाही म्हणत राहिलो, कारण मलेच जमत नव्हतं. काल वाटलं, जाऊ एकदा. आयकलो. चिन्नोर म्हणजे काय ते सांगून राहिला होता बुढा, जसं काही मले माहीतच नाही. मंग तू रिकामी कळशी घेऊन येताना दिसली. माहा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. मी मागच्या दारानं गेलो.”

“तेव्हा आवाज होता?”

“होता म्हणजे? मी तोच आयकून उठलो ना.”

अमरने तोंडावरून हात फिरवला. भुकटी आणि पाणी मिळून गालावर एक पट्टा उमटला. कामिनीला त्याला काहीतरी बरं बोलावंसं वाटलं, पण तिच्या मनात दुसरंच सुरू झालं होतं. अतुल गेल्यावर अमर आला. अमर गेला तेव्हा आवाज होता. त्यानंतर ती स्वतः आली, रिकामी कळशी कोपऱ्यात ठेवली, आणि टॅब्लेट तिच्याच डोळ्यांसमोर होता. फक्त ती हापशीवर पाण्याला गेली तेवढा वेळ सोडून. आणि तेवढ्या वेळात वाचनालयात एकच माणूस होतं.

तेजरामबाबांना ‘अमरचे बाबा’ म्हणणारंही जगात एकच माणूस होतं.

४

घरी येऊन कामिनी जेवलीच नाही. आई अंगणात सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत बसली होती. तिच्याजवळ बसून कामिनीने सगळं सांगितलं.

“तिनंच काढला आवाज. पण काहून काढन ती? त्या आवाजासाठी तं बाजार करते ती. भाजी काय, अमरकाका भी आणून देते.”

“अमरनं मनात भरवलं असन, मेलेल्या माणसाले बोलवू नये म्हणून.”

“नाही वो आई. ती म्हणे, रुसले वाटते. म्हणे, येतीन ना परत? जो स्वतः काढते तो असं म्हणन काय?”

आईने एक खडा बाजूला टाकला. “मंग इथं बसून डोकं कायले खाते? जा अन् तिलेच पूस.”

कामिनी उठली, दोन पावलं गेली आणि अंगणातच थांबली.

पूस. घरात, शेतात, बाजारात आयुष्यभर ऐकलेला शब्द. भाव पूस, रस्ता पूस, पाहुण्याला चहाचं पूस. आपल्या गावात पुसणं म्हणजे विचारणं. आणि त्या नमुना ॲपमध्ये प्रत्येक नोंदीखाली चार बटणं होती: पाहा, ऐका, बदला, पुसा. ॲपची मराठी कोणीतरी लांबच्या शहरात बसून केलेली. त्यांच्या लेखी पुसा म्हणजे मिटवा, काढून टाका. कामिनीनेही ते पुस्तकी डोळ्यांनीच वाचलं होतं, महिनोन्महिने, रोज.

सत्यभामाबाई चौथी शिकलेल्या. एकेक अक्षर जोडून वाचायच्या. “आज पुसलं भर एकदा,” त्या म्हणाल्या होत्या, आणि कामिनीला वाटलं, काच पुसली. त्यांनी काच पुसली नव्हती. त्यांनी नवऱ्याला काहीतरी विचारायचं म्हणून बटण दाबलं होतं, आणि नवरा निघून गेला होता. म्हणून त्यांना वाटत होतं, रुसले.

कामिनीला तिथं अंगणात उभ्या उभ्या रडू आलं. आईने सूप खाली ठेवलं.

चोर सापडला होता, आणि सापडून उपयोग काय? म्हातारीला कसं सांगायचं, की आजी, तुमच्याच बोटाने गेले ते? त्यापेक्षा ते रुसलेलेच बरे.

पण आधी ते खरंच गेले का, हे पाहायला हवं होतं. कामिनी पळतच वाचनालयात गेली. आजवर तिने ॲपची नावं बदलली होती, रंग बदलले होते. पुसा बटणाच्या मागे काय आहे, ते कधी खोलून पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. मागे सूचनांच्या काही ओळी होत्या, आणि सगळ्या तिला कळत नव्हत्या. तेव्हा तिने तेच केलं जे नमुन्यासोबत करायचं असतं. एक खोटी नोंद केली, तिला ‘कोंबडी’ असं नाव दिलं, त्यात स्वतःच्याच आवाजात कुकूचकू भरलं आणि पुसा दाबलं. कोंबडी गेली. मग ती कोंबडीच्या मागावर निघाली. या खणातून त्या खणात, एकेक सूचना चालवून पाहत.

कोंबडी सापडली. नमुना बनवणाऱ्याने शिकाऊ माणसांचा विचार केलेला दिसत होता. पुसलेली नोंद तो लगेच फेकत नव्हता, नुसती झाकून ठेवत होता, आणि आठवड्याची साफसफाई झाली की मग कायमची टाकत होता. साफसफाई उद्यावर आली होती.

कोंबडीच्या शेजारीच तेजरामबाबा होते.

कामिनीने त्यांच्यावरचं झाकण काढलं आणि हात जोडावे तशी टॅब्लेटपुढे बसून राहिली. तेव्हा तिला आणखी एक गोष्ट दिसली. आत साठवलेला आवाज बराच मोठा होता. रोज ऐकू यायचा तो त्याचा पहिला तुकडा. नमुना म्हणून ऐका बटणाला मर्यादा घातलेली होती. ठरावीक वेळ झाली की आवाज बंद, माणूस बोलत असला तरी. इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं, बाबा तिथेच बोलायचे थांबले.

तिने ती मर्यादा काढून टाकली. पुढचं मात्र ऐकलं नाही. ते आधी ऐकायचं माणूस दुसरं होतं.

५

सकाळी वाचनालयात सगळे जमले. हेमराज गुरुजी खुर्चीवर, अतुल खिडकीत, अमर मिलला सुट्टी टाकून दाराशी, आणि सतरंजीवर सत्यभामाबाई.

“सांग आता,” गुरुजी म्हणाले. “कोण काढला?”

“कोणी नाही काढला,” कामिनी म्हणाली. “तुम्ही तं तासभराची गाणी सोडून एवढासा आवाज काढाचे नाही. अतुलकडून झालं असतं तं सगळंच गेलं असतं. अमरकाका शेवटी ऐकून गेले, तेव्हा आवाज होता. चूक बटणाची आहे. त्याच्यावर शब्द चुकीचा लिहिला होता. तो मी बदलून टाकला.”

“बटण स्वतः दाबून घेते काय?” गुरुजी पुढे सरकले. “अमर गेल्यावर इथं कोण...”

अमरने आईकडे पाहिलं, मग कामिनीकडे. त्याला कळलं. त्याने गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, “गुरुजी, राहू द्या.” आणि गुरुजी, जन्मात कोणाचं ऐकून न घेणारे, त्या हाताकडे पाहून गप्प बसले.

कामिनी सतरंजीवर बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

“आजी, तुम्ही त्यांना काय पुसलं होतं?”

सत्यभामाबाई लाजल्या. सत्तरीची बाई, पण लाजली. “जाऊ दे वो. लोक हसतीन.”

“कोणी नाही हसत.”

“ते म्हणते ना त्याच्यात...” त्यांनी टॅब्लेटकडे बोट केलं. “चिन्नोर चुलीवर टाकला का गल्लीतला माणूस वळून पाहते. पण नुसता तांदूळ चांगला असून नाही होत, रांधणारा हात पाहिजे. अन् माह्या घरी तो हात एकाच बाईचा. एवढं म्हणून चूप होते. मी पुसलं, कोणत्या बाईचा? कारण जनमभर आपल्या मायच्या भाताचं कौतुक करत होते. जेवाले बसले का, माय असा करे अन् माय तसा करे. मी म्हटलं, आज पुसते. पुसलं तं निघूनच गेले.” त्या थांबल्या. “मी पुसलं म्हणून गेले काय वो ते?”

 अमर दाराबाहेर पाहत होता.

“नाही आजी,” कामिनी म्हणाली. “तुम्ही पुसलं म्हणून आतमध्ये उत्तर शोधाले गेले होते. आणलं त्यांनी.”

आणि तिने ऐका दाबलं.

तेजरामबाबांचा खरखरीत आवाज आला, नेहमीसारखा. चिन्नोराचा वास, चूल, गल्लीतला माणूस. “...पण रांधणारा हात पाहिजे गा. माह्या घरी तो हात एकाच बाईचा.” इथे आवाज थांबायचा. सत्यभामाबाईंनी सवयीने हात पुढे केला, पण आवाज पुढे गेला.

“लोकाले वाटते, मी मायचं बोलून राहिलो. मायचा भात गिच्च व्हायचा. पण माय होती ना, तिले सांगावं कसं? मंग मी म्हणतच राहिलो, मायसारखा भात कोणाले जमत नाही. ती गेल्यावर भी म्हणत राहिलो, तोंडात बसलं होतं. अमरची माय आयके अन् गुमान वाढे. तिच्या हातचा भात असा मोकळा, दाण्याले दाणा लागत नाही. तिले सांगाले पाहिजे होतं मी. एवढ्या वर्षांत नाही सांगितलो. सांगन एखाद्या दिवशी.” जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला. “कामिनी, झालं वो माहं. बंद कर याले.”

अतुल खिडकीतून उठून बाहेर गेला. गुरुजींनी चष्मा काढला. अमर आईजवळ येऊन खाली बसला, पण तिला हात लावायचा त्याला धीर होईना.

सत्यभामाबाई टॅब्लेटकडे पाहत होत्या. डोळे कोरडे होते. ओठ हलत होते, जसं कोणी मनातल्या मनात जुनी भांडणं मोजतं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं.

“अन् मी तं इतकी वर्षं सासूसारखा भात कराले पाहत होती,” त्या म्हणाल्या. “बरं झालं बापा, मले जमला नाही.”